ड्रायव्हर चुकला असेल, पण वळण किती मीटरचं होतं?



मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. तिला रस्ते अपघातांवर पीएचडी करायची आहे. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "त्यात काय शोधायचंय? ड्रायव्हर पिलेला असतो नाहीतर झोपलेला असतो." मग तिला स्वतःलाच शंका यायला लागली. मला विचारत होती, "ताई, खरंच यात रिसर्च क्वेश्चन निघतो का?"

निघतो. एक नाही, डझनभर निघतात. पण तिच्या वडिलांचं वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच अपघातांच्या कागदांवर शेवटी तेच वाक्य जरा सरकारी भाषेत लिहिलेलं असतं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

मी मूळची पिशोरची, कन्नड तालुक्यातली. एमएस्सी फिजिक्समध्ये केलं आणि आता पीएचडीला रस्त्याची भूमिती आणि अपघात यांचा संबंध तपासते आहे. म्हणून उदाहरणही आमच्याच घाटाचं घेते.

१० मार्च २०२५, सोमवार. मध्यरात्र उलटून गेल्यावर कन्नडहून पिशोरकडे येणारा उसाने भरलेला ट्रक पिशोर घाटात उलटला. ट्रकमध्ये सतरा मजूर होते. ते उसाखाली दबले. सकाळच्या बातम्यांमध्ये मृतांचा आकडा चार होता, नंतरच्या बातम्यांमध्ये तो सहा झाला. (आकडा असा बदलतो म्हणून अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू हा त्या अपघाताचा मृत्यू, अशी व्याख्या वापरतात. कुणाचाही डेटा हातात घेतलात की आधी हे विचारा: आकडा पहिल्या दिवशीचा आहे की तिसाव्या?)

त्या अपघाताचं कारण काय, ते मी इथे सांगणार नाही. तो ट्रक मी पाहिलेला नाही, ते वळण त्या रात्री मोजलेलं नाही. बातमी वाचून कारण ठरवून टाकणं ही सवय रिसर्चला येताना दाराबाहेर चपलांसोबत ठेवायची. मला फक्त दाखवायचंय की अशा अपघाताला कोणकोणते प्रश्न विचारता येतात, आणि त्यातले किती प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही.

कारणाचा रकाना

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल उघडा. देशभरात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. आणि मृत्यूंपैकी ७१.२ टक्के 'अतिवेग' या एका कारणाखाली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, झालं की मग, प्रश्न सुटला! नंतर गाईडनी विचारलं, "अतिवेग म्हणजे कशापेक्षा जास्त?" मला उत्तर देता येईना. पाटीवरच्या मर्यादेपेक्षा? पाटी होती का तिथे? त्या वळणाला जो वेग झेपतो त्यापेक्षा? आणि तो वेग मोजला कुणी? बहुतेक वेळा कुणीच नाही. गाडीची अवस्था बघून, साक्षीदारांचं ऐकून नोंद झालेली असते. त्या रकान्यात खूप वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात.

दुसरी अडचण अशी की 'कारण' हा शब्द एकवचनी आहे आणि अपघात तसा नसतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने १९७९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शेकडो अपघातांच्या जागी तज्ज्ञांची पथकं पाठवून तपास केला होता. त्यात मानवी घटक सुमारे ९३ टक्के अपघातांत आढळले. हा आकडा जगभर फिरतो, भाषणांमध्ये, पोस्टरवर, थिसिसच्या पहिल्या पानावर. पण त्याच अभ्यासात रस्ता आणि भोवतालचे घटक सुमारे ३४ टक्के अपघातांत, आणि वाहनाचे घटक सुमारे १३ टक्क्यांत होते. बेरीज करा: १४० होते. म्हणजे एकाच अपघातात माणूस, रस्ता, गाडी हे सगळे हजर असू शकतात. ९३ टक्के 'मध्ये माणसाची चूक होती' आणि ९३ टक्के 'माणसाच्या चुकीमुळेच झाले' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायव्हाला हे बोलता आलं पाहिजे.

मग विचार कसा करायचा? विल्यम हॅडन नावाचे डॉक्टर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाचे पहिले प्रमुख होते. त्यांनी एक साधा तक्ता दिला, आडवे तीन रकाने माणूस, वाहन, परिसर. उभ्या तीन ओळी अपघाताआधी, अपघात होताना, अपघातानंतर. नऊ घरं. उसाच्या ट्रकचा कोणताही अपघात त्यात भरून बघा. आधी: ड्रायव्हर किती तास जागा होता, ऊस किती उंच रचला होता, वळणाआधी पाटी रात्री दिसत होती का. होताना: माणसं मालासोबत बसली होती का, कडेला कठडा होता का. नंतर: रात्री ऊस बाजूला काढायला किती हात मिळाले, किती वेळ लागला, दवाखाना किती दूर. 'चालकाचा निष्काळजीपणा' हे नऊपैकी एका घरातलं उत्तर आहे. उरलेली आठ घरं कोरी ठेवून आपण फाईल बंद करतो.

यात एक अन्यायही आहे, तो स्पष्ट बोलते. ड्रायव्हर पकडता येतो, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लावता येतं. वळणावर कलम लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८अ हे कलम आलं, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, सल्लागार किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. पण ते लावायचं तर कुणीतरी रस्ता मोजलेला हवा ना!

वळणाचं गणित

आता फिजिक्स. घाबरू नका, अकरावीचंच आहे.

वळणावर गाडीला आत खेचणारं बल लागतं. ते दोन ठिकाणांहून येतं: टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, आणि रस्त्याचा आडवा उतार. वळणावर बाहेरची कड मुद्दाम उचललेली असते, इंजिनिअर लोक त्याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. हिशेब असा: वेगाचा वर्ग भागिले (१२७ गुणिले त्रिज्या) बरोबर आडवा उतार अधिक घर्षण. वेग ताशी किलोमीटरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये. इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे आयआरसीची मानकं याच समीकरणावर उभी आहेत. त्यात घर्षणासाठी ०.१५ धरतात आणि आडवा उतार साधारण ७ टक्क्यांपर्यंत.

समजा एका घाटात ३० मीटर त्रिज्येचं वळण आहे. वरच्या हिशेबात ०.१५ आणि ०.०७ टाका, उत्तर येतं ताशी सुमारे २९ किलोमीटर. म्हणजे हे वळण तिशीचं आहे.

आता कुणी ४० नं आला. १६०० भागिले (१२७ × ३०), म्हणजे ०.४२. त्यातले ०.०७ रस्त्याचा उतार देतो, उरलेले ०.३५ टायरनं द्यायचे. कोरड्या डांबरावर टायर ०.७ च्या आसपास देऊ शकतो, म्हणजे कार आरामात निघून जाते. कारवाला म्हणतो, "काय वळण आहे, काहीच नाही!"

उसाच्या ट्रकचं तसं नसतं. तो घसरण्याआधी उलटतो. उलटण्याची मर्यादा ढोबळमानानं अशी काढतात: दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा चाकांमधलं अंतर १.९ मीटर आणि ऊस उंच रचल्यामुळे गुरुत्वमध्य २.३ मीटरवर गेला. १.९ भागिले ४.६, उत्तर ०.४१. कारचा हाच आकडा १.३ ते १.५ असतो. शिवाय हा ०.४१ कागदावरचा आहे. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर दबतात, माल एका बाजूला झुकतो आणि मर्यादा ०.३५ च्या आसपास येते.

०.३५ लागणार, ०.३५ आहे. ट्रक काठावर उभा आहे.

तोच ट्रक ३० नं आला असता तर? ९०० भागिले ३८१० म्हणजे ०.२४, त्यातून ०.०७ वजा केले की ०.१७. निम्माच ताण. फक्त दहा किलोमीटरचा फरक. आणि आता उलट बाजू बघा: वळणाची बाहेरची कड उचललेलीच नसेल, पुन्हा पुन्हा डांबराचे थर टाकताना सपाट झाली असेल, तर ते ०.०७ गेले. ट्रक ४० नं आला तर मग ०.३५ नाही, ०.४२ लागतात आणि तो उलटतो. ड्रायव्हर तोच, वेग तोच, ट्रक तोच. फरक रस्त्याच्या आडव्या उतारातला, जो पंचनाम्यात कुणी लिहिलेला नसतो.

इथे एक आणखी गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार आवडते. ड्रायव्हर पाटी वाचून वेग ठरवत नाही. मागचे दोन किलोमीटर रस्ता जसा होता, तसाच पुढे असेल असं तो गृहीत धरतो. म्हणून एकट्या वळणापेक्षा आधीच्या सरळ भागाशी असलेली त्याची विसंगती जास्त घातक असते. जर्मनीचे रुडिगर लाम यांनी यासाठी एक निकष दिला. आधीच्या भागात ८५ टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग काढायचा, वळणावर तसाच काढायचा. फरक १० च्या आत असेल तर रचना चांगली, २० च्या वर असेल तर वाईट. म्हणजे नऊ वळणांनंतरचं दहावं वळण सोपं जातं, आणि सुंदर गुळगुळीत नवीन रस्त्यानंतरचं पहिलंच जुनं वळण माणसं मारतं. रस्ता 'सुधारला' आणि अपघात वाढले, असं गावोगाव ऐकू येतं ना? त्याची एक शक्यता ही.

त्रिज्या मोजायला काय लागतं?

दोरी. २० मीटरची दोरी, एक टेप आणि दोन मित्र.

वळणाच्या आतल्या कडेला दोरीची दोन टोकं टेकवा आणि ताणा. दोरी म्हणजे वर्तुळाची जीवा झाली. आता दोरीच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जीवेचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक त्या अंतराचं निम्मं. समजा मधलं अंतर १.७ मीटर आलं. ४०० भागिले १३.६, म्हणजे २९.४, अधिक ०.८५. त्रिज्या झाली सुमारे ३० मीटर. आतली कडच घ्या, कारण मग दोरी आणि तुम्ही दोघेही डांबराच्या बाहेर राहता. दिवसा करा, चमकणारी जाकिटं घाला, एक जण फक्त गाड्यांकडे लक्ष ठेवणारा हवा. घाटात कडेला उभं राहायला जागाच नसेल तर हट्ट नको. उपग्रह नकाशावर वळणाचे तीन बिंदू घेऊनही त्रिज्या काढता येते.

उतार, आणि थंड झालेले ब्रेक

आमच्या तालुक्यात घाट म्हटलं की लोकांना आधी आठवतो तो कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर तिथून जड वाहनांना बंदी झाली. तिथे वळणाइतकाच प्रश्न उताराचा.

१६ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे १.५७ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत ५० लिटर पाणी उकळेल. गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर त्यातली बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये असेल तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापतो, फुगतो, लायनरची पकड जाते आणि ड्रायव्हर पाय दाबत राहतो पण गाडी थांबत नाही. कन्नडला एका धाब्यावर एका ड्रायव्हरकाकांना मी विचारलं होतं, उतारावर गिअर का काढता? ते म्हणाले, "ताई, उताराला गिअर कशाला लागतो? न्यूट्रल केली की गाडी आपोआप पळती, अन् डिझेल वाचतं ते येगळंच." पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, जिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये एका जड वाहनानं पुढच्या कितीतरी गाड्यांना धडक दिली, तिथेही हीच सवय चर्चेत आली होती.

आता तपासाची गंमत बघा (गंमत कसली म्हणा). अपघात रात्री होतो. मोटार वाहन निरीक्षक दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर गाडी तपासतो. तोवर ड्रम थंड झालेले असतात, आणि थंड ड्रम पुन्हा नीट पकडतात. अहवालात येतं: ब्रेक कार्यरत. म्हणजे मग चूक कुणाची? ड्रायव्हरची! ज्याला माहीत आहे तो ड्रम उघडून निळसर पडलेला रंग बघतो, बारीक तडे बघतो, लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय का ते बघतो. उष्णतेचा पुरावा राहतो, पण तो शोधावा लागतो. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये सापडला यावर मात्र लगेच विसंबू नका, आदळताना तो हलू शकतो.

साइडपट्टी आणि मका

घाटाबाहेर या. आमच्याकडचे रस्ते काळ्या मातीतून जातात. डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर वर चढतो आणि साइडपट्टी खालीच राहते, पावसाळ्यात आणखी खचते. कडेला वीतभर पायरी तयार होते.

समोरून बस आली, तुम्ही गाडी कडेला घेतली, डावी चाकं खाली गेली. इथे बहुतेक लोक करतात तेच तुम्ही करता: वेग कमी न करता स्टिअरिंग उजवीकडे ओढता. टायरची भिंत पायरीला घासत राहते, वर चढत नाही, म्हणून तुम्ही आणखी ओढता. मग टायर एकदम चढतो, आणि त्या क्षणी चाकं जास्तच वळलेली असतात. गाडी थेट समोरच्या लेनमध्ये जाते. कागदावर नोंद काय होणार? 'समोरासमोर धडक, चालकाने विरुद्ध बाजूस वाहन नेले.' आणि ती धडक पायरीपासून तीस-चाळीस मीटर पुढे झालेली असते, त्यामुळे तपासणाऱ्याचं लक्ष पायरीकडे जातच नाही. मोटारसायकलला तर एवढंही लागत नाही, ती पायरीवरच आडवी होते.

आणि फाट्यांवरचा मका! ताशी ६० नं येणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून थांबायला सुमारे ८० मीटर लागतात. त्यातले ४२ मीटर तर अडीच सेकंदांच्या प्रतिसादातच संपतात, ब्रेकला पाय लागायच्या आधी. आता शेतातून येणारा फाटा मुख्य रस्त्याला मिळतो तिथे कोपऱ्यात मका उभा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरला तो माणसाच्या वर जातो. मेमध्ये त्याच फाट्यावर उभं राहिलात तर दोन्हीकडे लांबवर दिसतं. रस्त्याची सुरक्षा तपासणी उन्हाळ्यात झाली तर अहवालात 'दृष्टीअंतर पुरेसं' असं येणार, आणि ते खोटंही नाही! एका फाट्याची दृष्टीअंतरं वर्षातून तीनदा मोजा, पेरणीआधी, मका उभा असताना, आणि ऊस तोडणीच्या हंगामात. मला तर हा एका चांगल्या पेपरचा विषय वाटतो.

सरळ रस्ता म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. समृद्धी महामार्ग ताशी १५० च्या वेगासाठी आखलेला आहे, तिथे घाटासारखं वळण नाही. तरी १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण गेले. लांबच लांब सरळ रस्त्यावर मेंदू पेंगतो, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी समृद्धीच्या बाबतीत याच रोड हिप्नॉसिसकडे लक्ष वेधलं होतं.

जागेवर काय उरतं

अपघातानंतर पोलीस पंचनामा करतात, हातनकाशा काढतात. नियमाप्रमाणे ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल द्यावा लागतो. आता आयआयटी मद्रास आणि एनआयसीनं बनवलेल्या आयरॅड ॲपमध्ये पोलीस जागेवरूनच नोंद करतात, आणि त्याच नोंदीत परिवहन, रस्ते आणि आरोग्य विभागानं आपापली माहिती भरायची सोय आहे. सोय चांगली आहे. पण मध्यरात्री घाटात पोलीस पोचतात तेव्हा आधी माणसं काढायची असतात, मग रस्ता मोकळा करायचा असतो. क्रेन गाडी ओढते, तिच्याच चाकांनी खुणा पुसतात. ऊस गोळा होतो. उन्हानं आणि रहदारीनं टायरच्या खुणाही लवकरच फिक्या पडतात.

त्या खुणांमध्ये वेग लिहिलेला असतो. सरळ घासत गेलेल्या खुणेची लांबी आणि घर्षण माहीत असेल तर २५४ गुणिले घर्षण गुणिले लांबी, त्याचं वर्गमूळ. २० मीटर खूण, घर्षण ०.७: ताशी सुमारे ६० किलोमीटर. तेही किमान, कारण शेवटी धडक बसली असेल तर धडकेत गेलेला वेग यात नाही. आणि वळणावर आडव्या घासलेल्या वक्र खुणेची त्रिज्या कशी काढायची? त्याच दोरीनं.

रस्ता मात्र पळून जात नाही. त्रिज्या, आडवा उतार, साइडपट्टीची पायरी, पाटीचं अंतर हे सगळं महिन्यानंतरही बरंचसं तिथेच असतं. म्हणून विद्यार्थ्यांना सांगते, तुमच्याकडे पोलिसांची घाई नाही, तपासाचे अधिकारही नाहीत. पण तुमच्याकडे ही अर्धी बाजू मोजायला वेळ आहे.

डेटा हातात आल्यावर फसू नका

केंद्राच्या अहवालात सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर दाखवलेले असतात. म्हणजे वळणं सुरक्षित? अजिबात नाही. देशात सरळ रस्ता किती किलोमीटर आणि वळणाचा किती, तिथून किती वाहनं गेली, हे भाजक नसेल तर ती टक्केवारी रिकामी आहे.

ब्लॅक स्पॉटचंही तसंच. राष्ट्रीय महामार्गांसाठीची व्याख्या अशी: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. आता पिशोर घाटातल्या त्या रात्रीकडे बघा. एक अपघात, सहा मृत्यू. ही फूटपट्टी लावली तर तेवढ्यावर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरत नाही. पुढचा ट्रक त्याच वळणावर येणार असतो, आणि यादीत ते वळण नसतं.

उलटीही फसवणूक होते. समजा शंभर एकसारखी वळणं आहेत, प्रत्येकावर तीन वर्षांत सरासरी ३ अपघात होतात. पॉयसाँ वितरणानं हिशेब केला तर निव्वळ योगायोगानं सुमारे १८ वळणांवर ५ किंवा जास्त अपघात होतील. ती यादीत येतील. त्या अठरांची सरासरी येते ५.७. आता तिथे काहीही करू नका, फक्त तीन वर्षं थांबा. सरासरी परत ३ वर येणार. घट ४७ टक्के! मधल्या काळात कुणी तिथे एक पाटी लावली असेल तर पाटीचं कौतुक होणार. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. कॅनडाचे एझ्रा हाउअर यांनी यावर आयुष्यभर लिहिलं आणि एम्पिरिकल बेझ पद्धत रस्ता सुरक्षेत रुजवली. 'आधी आणि नंतर' प्रकारचा अभ्यास करणार असाल तर हाउअर वाचल्याशिवाय सिनॉप्सिस देऊ नका, आरआरसीत कुणीतरी हमखास विचारतं.

औट्रम घाटाच्या बंदीचा अभ्यास करायचा म्हटलात तर तिथे आणखी एक खाच आहे. घाटातले जड वाहनांचे अपघात कमी झाले, हे तर होणारच, वाहनंच नाहीत. ती नांदगावकडच्या आणि इतर पर्यायी रस्त्यांवर गेली. तिथल्या गावांमधली शाळा, बाजार, फाटे यांचा आकडा धरल्याशिवाय घट किती हे सांगता येत नाही.

त्या मुलीला मी काय सांगितलं? "मराठवाड्यातील रस्ते अपघातांचा चिकित्सक अभ्यास" असलं शीर्षक घेऊ नकोस. एक रस्ता घे, एक वैशिष्ट्य घे. पंचवीस-तीस वळणांच्या त्रिज्या, आडवे उतार आणि आधीच्या सरळ भागातला वेग मोज. मग त्या प्रत्येक वळणावरच्या पाच वर्षांच्या नोंदी माग. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असशील तर त्यात 'घाटातील अपघात' असं लिहू नकोस, तसं उत्तरही 'घाटात एकूण इतके' असं येतं आणि ते कुठल्याच वळणाला जोडता येत नाही. किलोमीटर दगडाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, वाहनाची दिशा आणि माल भरलेला होता की रिकामा, एवढे रकाने नाव घेऊन माग. जुन्या नोंदींमध्ये अक्षांश-रेखांश नसले तर घटनास्थळ पंचनाम्याची प्रत माग, त्यात 'अमुक शेताच्या बांधापासून इतक्या अंतरावर' असं लिहिलेलं सापडतं, आणि तो बांध गावात कुणालाही विचारला तरी दाखवतात.